निघवळ

त्या कोशाच्या कचेरीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. ज्याच्याकडे जे अक्षर, तेच त्याचं नाव. 'क'चे खण सांभाळणारे ते कसाहेब, 'प'वाल्या त्या पबाई, आणि 'न' जिच्या ताब्यात होतं ती नबाई. 'ढ' घ्यायला मात्र कुणीच तयार होईना, म्हणून ते अक्षर सगळ्यांनी मिळून आळीपाळीने उरकलं होतं. मुख्य संपादकांना अक्षर नव्हतं. ते बोलले की वाद संपायचा, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना पूर्णविराम म्हणत. त्यांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं दाखवतील तर ते पूर्णविराम कसले!

शिवाय एक काका होते. कुठला शब्द कुठून, कुठल्या वाटेने आला, हे प्रत्येक नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात लिहायचं, हे त्यांचं काम. तोंडावर सगळे त्यांना मूळकाका म्हणत. पाठीमागे जे म्हणत ते सभ्य माणसांत सांगण्यासारखं नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी कोशात 'मू' काढून बघावं.

तर एका सोमवारी सकाळी हे मूळकाका छापखान्यातून आलेलं प्रूफ हातात घेऊन नबाईच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"नबाई, 'निघणे' झालं, पुढे 'निचरा' आहे, आणि मधे हे कोण येऊन बसलंय?"

नबाईने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "निघवळ."

"ते वाचता येतं मला. म्हणजे काय?"

"म्हणजे निघवळ! काका, सकाळी सकाळी चेष्टा करताय का?"

"चेष्टा तुम्ही केलीय. एकसष्ट वर्षं मी ही भाषा बोलतोय. हा शब्द माझ्या कानावरून गेलेला नाही."

नबाई आधी हसलीच. मग तिने खुर्ची मागे सारली आणि सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाली, "अहो, पाहुणे 'येतो' म्हणतात, चपला घालतात, पिशवी खांद्याला लावतात आणि मग दारातच अर्धा तास बोलत उभे राहतात. ती निघवळ! सांगा की यांना कुणीतरी."

पबाई दयेने म्हणाल्या, "शब्द गोड आहे गं. पण आमच्याकडे नाही म्हणत."

"मग काय म्हणता?"

"काही नाही म्हणत. नुसतं उभं राहतो."

कसाहेबांनी मान हलवली. खिडकीशी बसणारे दोघेही नाही म्हणाले. अठ्ठेचाळीस वर्षं जो शब्द ती पाणी आणि घर म्हणावं तितक्या सहज वापरत आली होती, तो एकट्या तिच्या घरचा निघाला होता!

आता हा घोटाळा झाला कसा, ते सांगायला हवं. कचेरीचा नियम असा की प्रत्येक शब्दाच्या कार्डावर तीन साक्षी पाहिजेत. तीन वेगवेगळ्या घरांतल्या तीन माणसांनी तो शब्द आपणहून वापरलेला असावा, आणि तो त्यांच्या तोंडात आपण घातलेला नसावा. पण 'दार', 'भात', 'झोप' असल्या शब्दांना साक्षी कुठे शोधत बसणार? त्यांच्यासाठी 'स' असा एक रबरी शिक्का होता. स म्हणजे सर्वत्र रूढ. नबाईने 'निघवळ'च्या कार्डावर तो शिक्का डोळे झाकून मारला होता. आपल्या जिभेवर वाढलेला शब्द जगाच्या जिभेवर नसेल, अशी शंका यावी तरी कशाला?

कार्डावर तिच्याच अक्षरात अर्थ होता: 'निघतो असे सांगून झाल्यावर दारात उभे राहून उगाच लांबवलेले बोलणे.'

पूर्णविरामांनी तो वाचला आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. "यासाठी 'रेंगाळणे' आहे की."

"नाही सर. रेंगाळायला दार लागत नाही. माणूस बाजारात रेंगाळतो, अंथरुणात रेंगाळतो."

"'घुटमळणे'?"

"घुटमळणाऱ्याच्या मनात काहीतरी अडलेलं असतं. आत जाऊ की नको, बोलू की नको. निघवळ करणाऱ्याचं काही अडलेलं नसतं हो. तो मजेत असतो. आणि रेंगाळायला एक माणूस पुरतो, निघवळीला दोघं लागतात. एक जाणारा आणि एक जाऊ न देणारा."

पूर्णविरामांच्या मिशीखाली काहीतरी हललं. शब्द त्यांना आवडला होता हे उघड होतं, आणि म्हणूनच ते जास्त कडक झाले. "पान शनिवारी दुपारी छापायला जाईल. तोवर तीन साक्षी आणा. नाही आणल्या तर शब्द काढायचा."

"पुढच्या आवृत्तीत तरी...?"

"मागची आवृत्ती निघून अठ्ठावीस वर्षं झाली, नबाई."

संपलं. नबाईने मनातल्या मनात हिशोब केला. आणखी अठ्ठावीस वर्षांनी ती शहात्तर वर्षांची असेल. तोवर हा शब्द बोलणारं कोण उरणार? बाबा नसतील. आत्याला आत्ताच धड ऐकू येत नव्हतं. राहिली ती एकटी, आणि एकट्या माणसाला निघवळ करता येत नाही.

तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, निघवळ हा शब्द आपल्याकडे कुठून आला?"

"तुझी आई म्हणायची." बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत लागली म्हणायला. तुझ्या आत्याला बघूनच काढला असेल. जिन्यात उभी राहून अख्ख्या महिन्याचं बोलून घ्यायची ती."

"आणि आई स्वतः?"

"ती काय कमी होती? ड्यूटी सहाला सुटायची आणि बाईसाहेब घरी येणार सव्वासातला. का गं उशीर, म्हटलं की एकच उत्तर, निघवळ. हॉस्पिटलच्या गेटवर मैत्रिणींशी गप्पा, दुसरं काय! भाजी गार व्हायची."

बाबा हसले, पण जरा कोरडंच. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता. नबाई रविवारी घरी जायची, निघताना 'येते' म्हणायची, आणि बाबा लगेच उठून दाराची कडी लावून घ्यायचे.

एक गोष्ट नबाई कुणाला सांगत नसे. आईला शेवटचं भेटून निघाली तेव्हा खाली रिक्षा थांबलेली होती, कचेरीत 'ढ'ची प्रुफं वाट बघत होती. आई दारापर्यंत आली, चौकटीला टेकून उभी राहिली, तोंड उघडलं. आणि नबाई म्हणाली, "आई, आज निघवळ नको हं. रिक्षा थांबलीय." "जा, जा," आई म्हणाली. पुढच्या रविवारी आई नव्हतीच. त्या दिवशी ती काय बोलणार होती ते बोलायचं राहूनच गेलं. आता निदान शब्द तरी राहू दे, इतकंच नबाईला हवं होतं.

मंगळवारी ती मोहिमेवर निघाली. आईच्या मैत्रिणींना गाठणं सोपं होतं, पण त्यांनी शब्द आईकडूनच उचललेला असणार. ती साक्ष म्हणजे घरचीच. शब्द तर विचारायचा नाही. मग उरला एकच उपाय, स्वतः लोकांच्या दारात निघवळ करायची आणि कुणाच्या तोंडून शब्द निसटतो का बघायचं.

शेजारच्या काकूंकडून ती रिकामा डबा घेऊन निघाली आणि दारातच पाय रोवून उभी राहिली. हवेवर बोलली, लिफ्टवर बोलली, वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळावर बोलली. पंचवीस मिनिटांनी काकूंनी काळजीने विचारलं, "घरी भांडण झालंय का गं?" दातांच्या डॉक्टरांकडे तिने तेच केलं, तर त्यांनी तिला परत खुर्चीत बसवून आणखी एक दाढ तपासली. धोब्याने हळूच पाण्याचा ग्लास आणून दिला. शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने तर सरळ सांगितलं, "अगं, निघतेस की आत येतेस? डास येतायत."

"सगळ्यांनी केली हो माझ्याबरोबर," बुधवारी नबाई जेवणाच्या सुट्टीत पबाईंना सांगत होती. "अगदी रंगात येऊन केली. पण तिला नाव कुणी देईना."

मूळकाका डब्यातून मान वर काढून म्हणाले, "मी काल रात्रभर विचार केला. हे संस्कृत 'निर्गम'वरून असणार. निर्गम, निग्गम, निघव..."

"काका, आधी शब्द असू द्या, मग त्याचं मूळ काढा."

"मूळ मिळालं तर साहेबांचं मन वळवता येईल, म्हणून म्हटलं," काका ओशाळून म्हणाले. तेव्हा नबाईला कळलं की काका तिच्या बाजूचे आहेत. तिला अगदी भरून आलं, आणि तिने त्यांच्या डब्यात आपल्यातल्या काकडीच्या दोन चकत्या टाकली.

त्याच संध्याकाळी चष्म्याची काडी बसवून घ्यायला ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दमली होती, साक्षीचं भान सुटलं होतं. काम झालं, 'येते' म्हणाली, आणि दुकानदाराने पावसाळी दमटपणाने काचा कशा खराब होतात ते सांगायला सुरुवात केली म्हणून उंबऱ्यावरच थांबली. दुकानदाराचा फोन वाजला.

"हो, करतो गं बंद," तो फोनवर बायकोला म्हणाला. "एका बाईंची निघवळ चाललीय, ती झाली की आलोच."

नबाईने त्याचा हात धरला. परक्या माणसाचा हात असा भर दुकानात धरू नये हे तिला नंतर सुचलं. "काय म्हणालात? परत म्हणा!"

"तुम्हाला नव्हतं हो म्हटलं," तो बिचारा घाबरला. "म्हणजे तुम्हालाच म्हटलं, पण वाईट अर्थाने नाही. चांगला शब्द आहे तो."

"चांगला? अहो, सोन्यासारखा आहे!" तिने पिशवीतून कार्ड काढलं आणि त्याची सही आणि फोन नंबर घेतला. रस्त्याने जाताना ती एकटीच हसत होती. आईने काढलेला वाटत होता तो शब्द या माणसाच्याही घरात होता! म्हणजे तो जुना होता, मोठा होता, त्याला कुळ होतं.

एका साक्षीने डोकं चालायला लागलं. दारात कशाला शोधायचं? माणसं सगळ्यात जास्त निरोप कुठे घेतात? गुरुवारी कचेरी सुटल्यावर तिने बसचा डेपो गाठला. खिडक्यांना लोंबकळून लोक बोलत होते, 'पोचलीस की फोन कर' हे एकेकाला पाच-पाचदा सांगून होत होतं. तासभर कान टवकारून काही हाती लागलं नाही. ती उठणार इतक्यात डोक्यावरचा कर्णा खरखरला आणि उद्घोषणा करणाऱ्या बाईंचा वैतागलेला आवाज आला, "पाच नंबरच्या फलाटावर सोडायला आलेल्या मंडळींनी कृपया निघवळ आवरती घ्यावी, गाडीला उशीर होत आहे."

नबाई ताडकन उभी राहिली. कर्ण्यावरून! अख्ख्या डेपोला! आणि गंमत म्हणजे पाच नंबरवरची मंडळी बरोबर मागे सरकली. ती उद्घोषणेच्या काचेच्या खोलीत घुसली तेव्हा बाई म्हणाल्या, "तक्रार असेल तर वही बाहेर आहे." सही मात्र त्यांनी झोकात केली.

तिसरी साक्ष शुक्रवारी संध्याकाळी मिळाली, आणि तिने तर कमालच केली. बागेच्या फाटकापाशी म्हातारा माळी नळी गुंडाळत होता. सहा वाजायला आले होते. नबाईने विचारलं, "बंद व्हायची वेळ झाली का?" त्याने झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. "अजून ऊन निघवळतंय, बसा थोडं. ते गेलं की शिट्टी मारतो."

ऊन निघवळतंय! शब्दाचं क्रियापद झालं होतं आणि तो माणसांना सोडून उन्हापर्यंत जाऊन पोचला होता. असा शब्द मरायला टेकलेला नसतो, चांगला धडधाकट असतो. नबाई बाकावर बसून चक्क रडली. माळ्याने तिला विचारलं नाही की का रडताय. त्याने शिट्टीच जरा उशिरा मारली.

शनिवारी सकाळी तिने तिन्ही सह्या असलेलं कार्ड पूर्णविरामांच्या टेबलावर ठेवलं. सगळी कचेरी गोळा झाली. कसाहेबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पूर्णविरामांनी कार्ड उलटं केलं.

"मागची ओळ कोरी आहे. 'शब्द कोणाकडून ऐकला.'"

"घाईत राहिली, सर."

"मग विचारून घेऊ." त्यांनी कचेरीचा फोन पुढे ओढला, स्पीकरचं बटण दाबलं आणि पहिला नंबर फिरवला. नियम म्हणजे नियम!

चष्मेवाल्याने जरासुद्धा आठवायला वेळ घेतला नाही. "हॉस्पिटलात ऐकला साहेब. मी शाळेत होतो, वडील वॉर्डात होते. सहाला भेटायची वेळ संपल्याची घंटा व्हायची, सगळ्यांना बाहेर काढायचे. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर स्वतः घंटा वाजवायच्या आणि म्हणायच्या, 'चला, निघा आता. आणि ही निघवळीची पाच मिनिटं.' पाचाची वीस व्हायची, अर्धा तास व्हायचा. त्यांची ड्यूटी संपलेली असायची. पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या राहायच्या, कुणी साहेब येतोय का बघत."

नबाई फोनजवळ सरकली.

डेपोतल्या बाईंनीही हॉस्पिटलचंच नाव घेतलं. "माझी धाकटी बहीण होती तिथे. मी त्या सिस्टरना एकदा म्हटलं, कशाला एवढा त्रास घेता? तर म्हणाल्या, 'अगं, आधीचा तासभर माणसं नुसतं जेवलास का, झोपलास का करतात. जे खरं बोलायचं असतं ते निघताना बोलतात. घंटेवर हाकललं तर ते राहून जातं.'"

माळ्याचा नंबर त्याच्या सुनेचा होता. तिने फोन त्याला नेऊन दिला. "हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणायच्या. उंच होत्या," तो ओरडून म्हणाला, "आणि डाव्या भुवईत खाच होती. माझं पोर तीन महिने होतं तिथं. आमची निघवळ कधी चुकवली नाही त्यांनी."

ती खाच घरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराने पाडली होती. आई त्यानंतर आठवडाभर त्या कपाटाला लाथ मारूनच पुढे जायची.

खोलीत सगळे खुश होते. तीन घरं, तीन माणसं, सह्या, तारखा. पूर्णविराम पेन उघडत होते. नबाईने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. आई कोण होती, काय करत होती, हे इथे कुणाला माहीत होतं? तिने स्वतःलाच एक क्षण तसं सांगून बघितलं. पण ज्या बाईबद्दल तीन अनोळखी माणसं असं बोलली, ती माझी आई आहे हे न सांगता बसायचं कसं?

"सर, थांबा," ती म्हणाली. "त्या सिस्टर म्हणजे माझी आई."

पेन थांबलं.

"शब्द तिनेच काढला. तिन्ही साक्षी तिच्याच तोंडच्या आहेत. म्हणजे शेवटी आमचं एकच घर झालं." ती म्हणाली. "काढून टाका शब्द. पण आम्हाला हे माहीतच नव्हतं हो. ती घरी यायची तेव्हा वॉर्डाबद्दल चकार शब्द काढायची नाही. आम्हाला वाटायचं, गेटवर गप्पा मारत बसते."

मग मूळकाका पुढे आले. कधी साहेबांसमोर आवाज न चढवणारे काका, त्यांनी टेबलावर हाताचा पंजा आपटला.

"साहेब, तीस वर्षं मी कंसात 'मूळ अनिश्चित' लिहितोय. चार हजार वेळा लिहिलं असेल. 'मूळ अनिश्चित' म्हणजे काय हो? कुणीतरी एका माणसाने तो शब्द पहिल्यांदा म्हटला, दुसऱ्याला पटला, तिसऱ्याने उचलला. तो पहिला माणूस आपल्याला सापडत नाही, एवढंच. आज जन्मात पहिल्यांदा सापडलाय, तर शब्द रद्द करायचा?"

"माझा निर्गम गेला खड्ड्यात," ते जरा थांबून म्हणाले.

पूर्णविरामांनी कार्ड पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं. "नियमात तीन घरं म्हटलंय," ते अखेर म्हणाले. "शब्द कुठून निघाला ते नियम विचारत नाही, कुठे कुठे पोचला ते विचारतो. तो चष्म्याच्या दुकानात पोचलाय, कर्ण्यावर पोचलाय आणि उन्हातही पोचलाय. तीन झाली. काका, कंस भरा."

काकांनी हात धुऊन आल्यावरच पेन घेतलं. लिहिलं: 'एका रुग्णालयातील परिचारिकेने भेटीची वेळ संपल्यावर नातेवाइकांना दिलेला वाढीव वेळ, त्यावरून.' कोशात माणसांची नावं घालत नाहीत. "चालेल ना?" त्यांनी विचारलं. नबाईने मान डोलावली. मग तिने लाल पेन्सिल घेतली, आपणच लिहिलेला अर्थ पुन्हा वाचला आणि त्यातला 'उगाच' हा शब्द खोडला.

रविवारी ती प्रुफाची प्रत घेऊन बाबांकडे गेली. सगळं सांगितलं. बाबांनी ते पान खिडकीशी नेऊन वाचलं, दोनदा वाचलं.

"'उगाच' खोडलंस?"

"हो."

"बरं केलंस." ते खिडकीबाहेरच बघत होते. "पस्तीस वर्षं बोलायचो गं मी तिला. भाजी गार होते म्हणून. आणि ती एकदाही म्हणाली नाही की अहो, असं असं असतं."

खाली रिक्षा थांबली होती. नबाईने पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या. "येते बाबा."

बाबा नेहमीसारखे उठून दारापर्यंत आले. पण आज कडीला हात लावला नाही. चौकटीला टेकून उभे राहिले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "तू घाईत गेलीस ना, रिक्षा थांबलीय म्हणून?"

"चिडली होती का ती?"

"छे! गॅलरीत जाऊन उभी राहिली. तुझी रिक्षा कोपऱ्यावरून वळली, तरी तिथेच. मी म्हटलं, गेली ती, आत ये आता. तर म्हणाली, 'तुमचं चालू द्या. मी माझी माझी निघवळ करतेय.'"

खालून रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. नबाई गॅलरीत गेली, आई उभी होती तिथेच कठड्याला धरून वाकली आणि म्हणाली, "जा तुम्ही दादा. मला वेळ लागेल."